ओट्यामागची भिंत बुजवण्याआधी

महोदय,

दिवाळी जवळ आली की स्वयंपाकघर नव्याने करून घेण्याची घाई सुरू होते. ग्रॅनाइट कुठला, ट्रॉल्या कुठल्या यावर घरात आठवडे चर्चा होते. सिंक जागचे हलवायचे तर पाइप कसा फिरवायचा, हे मात्र प्लंबर उभ्या उभ्या ठरवतो. खालच्या घराच्या छताला पुढे ओल येते ती बहुतेक वेळा याच घाईमुळे.

आधी सांडपाण्याचा विचार करावा. नळाचे पाणी दाबाने हवे तिथे चढते, सिंकचे पाणी मात्र उतारानेच जाते. त्या पाइपला मीटरमागे साधारण 25 मिमी उतार लागतो. सिंक आठ फूट सरकवले तर जवळजवळ 60 मिमी. डक्टमधल्या उभ्या पाइपपर्यंत एवढा उतार मिळतो का, हे टेप लावून बघावे आणि मगच सिंकची जागा नक्की करावी. उतार कमी पडला की तेलकट गाळ पाइपातच थिजतो, आणि तो पाइप लादीखाली दाबलेला असेल तर लादी फोडण्यावाचून गत्यंतर नसते.

आता भिंत. वीटकामात पाइप बसवायला कापलेली खाच, म्हणजे झिरी, उभी असेल तर भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी असेल तर एक षष्ठांशापेक्षा खोल मारू नये, असा दंडक आहे. साडेचार इंची, म्हणजे 115 मिमीच्या भिंतीत आडवी झिरी जेमतेम 19 मिमी खोल घेता येते. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप बाहेरून मोजला तर 22 मिमी भरतो. म्हणजे अशा भिंतीत तो आडवा बसतच नाही. तरीही रोज बसवला जातो आणि भिंत पोखरली जाते. आडवी लाइन ओट्याखाली, ट्रॉल्यांच्या मागे, भिंतीवरूनच क्लँप मारून न्यावी. गळती झाली तर ती डोळ्यांना दिसते. भिंतीत फक्त उभे तुकडे घ्यावेत. कॉलम, बीम आणि पूर्ण काँक्रीटच्या भिंती असलेल्या नव्या इमारतींतल्या भिंती यांना कटर लावूच नये. आतली सळई कापली जाते.

जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची वेगळीच भानगड असते. आटे गंजलेले असतात. स्वयंपाकघरात एक एल्बो (कोपऱ्याचा जोड) सोडवायला पान्ह्याने जोर लावला की तो पीळ पाइपभर जातो आणि भिंतीतला भलताच सांधा सैल होतो. म्हणून एका पान्ह्याने पाइप धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने एल्बो फिरवायचा. जीआयला सीपीव्हीसी जोडताना पितळी आट्यांचे फिटिंगच घ्यावे. प्लास्टिकचे आटे आवळताना चिरतात. जुनी लाइन बंद करायची तर ती जिथे फुटते त्या ‘टी’ जोडापाशीच करावी, नाहीतर उरलेल्या तुकड्यात पाणी साचून राहते.

सीपीव्हीसीचा सांधा घाईत बिघडतो. पाइप काटकोनात कापावा, कड घासून घ्यावी, पाइप आणि फिटिंग कोरडे पुसावे. चिकटवायचे सोल्युशन सीपीव्हीसीचेच हवे, पीव्हीसीचे चालत नाही. पाइप पाव वळसा देत आत बसवून अर्धा मिनिट दाबून धरावा, कारण तो हळूच मागे सरकतो. सोल्युशन जास्त थापले तर आत गोळा होऊन पाण्याची वाट अडते. गरम पाण्याची तीन मीटरची लाइन 40 अंश तापली की सात-आठ मिमी लांबते, त्यामुळे ती दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये घट्ट जखडू नये.

सर्वात महत्त्वाची ती चाचणी, आणि नेमकी तीच टाळली जाते. ‘टाकीचं पाणी सोडून बघितलं, कुठे गळत नाही’ हे पुरेसे नाही. दहा फूट उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरमागे फक्त 0.3 किलो असतो, म्हणजे वरच्या मजल्यावर कच्चा सांधाही तग धरतो. पुढे प्रेशर पंप बसला की सुटतो. सांधे 24 तास वाळू द्यावेत, सगळ्या पॉइंटना प्लग लावावेत, लाइनमधली हवा काढावी आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब द्यावा. काटा तासभर हलता कामा नये. हवेच्या कॉम्प्रेसरने ही चाचणी कधीही करू नये. प्लास्टिकचा पाइप फुटून तुकडे उडतात.

गृहनिर्माण संस्था नूतनीकरणाच्या परवानगीसाठी अनामत रक्कम घेतात, डेब्रिज कुठे टाकायचे ते सांगतात. त्याच अर्जात दोन अटी घालाव्यात. पहिली, गिलाव्याआधी दाबचाचणी, तीही संस्थेच्या माणसासमोर. दुसरी, उघड्या झिरीचे फोटो, शेजारी टेप धरून, लादीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरे वाचता येतील असे. एक प्रत संस्थेकडे राहावी, दुसरी वरचे कपाट टांगायला ड्रिल घेऊन येणाऱ्या सुताराच्या हातात द्यावी.

– एक प्लंबिंग कंत्राटदार, डोंबिवली