रिकंडिशन कॉम्प्रेसरची तक्रार (चौथ्यांदा, आता लेखी)

मॅनेजर साहेब,

आत्ता साडेचारला तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, ठेवला म्हणजे तिकडूनच कटला, अन् हाताचं ग्रीस पुसून हे लिहायला बसलो. तिकिटं आतापर्यंत चार झाली, कोणतंही उघडा, आत एकच मशीन निघेल. तीन एचपी, टू स्टेज, 160 लिटर टाकी, तुमच्या भाषेत 'सर्टिफाइड रिकंडिशन'. मशीनचे 36,000, सर्टिफिकेटचे वेगळे 2,500, अन् ट्रान्सपोर्ट माझ्याच बोकांडी.

माझं पुलगाव-आर्वी रोडवर ट्रॅक्टर अन् टायरचं छोटं वर्कशॉप आहे. अर्ध्याच्या वर सामान सेकंडहँड आहे अन् ते सांगायला मला लाज वाटत नाही. व्हाईस बुटीबोरीच्या एका बंद पडलेल्या शेडमधून आणला, जबडे मिटवून उजेडासमोर धरले, कुठून फट दिसते का ते पाहिलं, मंगच पैसे दिले. ग्राइंडर घेताना स्विच बंद करून चाक थांबेपर्यंत बेरिंगचा आवाज ऐकत बसलो होतो, विकणारा कंटाळून चहा प्यायला निघून गेला. चेन कुप्पीची तर एकेक कडी बोटातून काढली. अकरा वर्षांत कोणी टोपी घातली नाही कारण हात लावल्याशिवाय मी वस्तू घेतच नाही. यावेळी मृगाच्या तोंडावर जुना कॉम्प्रेसर बसला, पेरणीच्या दिवसात दारात ट्रॅक्टर उभे, दुकान सोडून तुमच्या गोदामापर्यंत यायला टाइम नव्हता, म्हणून तुमचा व्हिडिओ पाहून पैसे टाकले. व्हिडिओत मशीन गायीसारखं शांत चालून राहिलं होतं. ते काहून एवढं शांत होतं ते आता कळलं, खाली सांगतो.

एफएडी, म्हणजे मशीन मिनिटाला खरंच किती हवा हाती देते, हे तुम्हाला शिकवायची गरज नसावी, धंदाच तुमचा तो. टाकी पूर्ण रिकामी केली, कॉक बंद, काटा शून्यावर, अन् मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. सात किलो प्रेशर व्हायला 11 मिनिटं लागली. एकदा नाही, तीनदा केलं, मधात मशीन थंड होऊ देऊन. 160 लिटरची टाकी सात किलोपर्यंत भरायची तर साधारण 1,120 लिटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला 102 लिटर, म्हणजे साडेतीन सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास. मशीनच्या पाटीवर 11 आहे. ते डिस्प्लेसमेंट असते, म्हणजे पिस्टन ओढते तेवढी हवा, तेवढी हवा हाती येत नाही हे मलाही माहीत आहे, पण 70 टक्के जरी आली असती तरी पाच मिनिटांत टाकी भरायला पाहिजे होती. अर्ध्या इंची इम्पॅक्ट गनला चार-पाच सीएफएम लागते, तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे दोन नट सुटते अन् तिसऱ्यावर गन नुसती गुरगुरते. मंग मी पाना घेऊन त्यावर उभा. 36,000 देऊन.

मंग पट्ट्याचं कव्हर काढलं. फ्लायव्हील 14 इंच, पाटीवर पंपाचा आरपीएम 925, मोटर 1440 ची. हिशोबानं मोटरवर 9 इंचाची पुली पाहिजे. निघाली 6 इंचाची! म्हणजे पंप सव्वासहाशेच्याही खाली फिरून राहिला. लहान पुली लावली की आवाज कमी, कंप कमी, घासलेल्या बेरिंगची ठकठकही दबते, अन् व्हिडिओ झकास येतो. हवा आली नाही तरी व्हिडिओत हवा दिसत नाही ना. तुमच्या वर्कशॉपमध्ये ज्यानं हे केलं तो अडाणी नाही, चांगला कारागीर आहे, त्याला एवढं तरी सांगा. आणि पुली एकटीच चोर असती तर हवा पाचच्या आसपास तरी आली असती, साडेतीन नाही. सक्शन फिल्टर काढून चालू मशीनवर तळहात धरला तर हवा उलटी हाताला लागते, म्हणजे व्हॉल्व्हची पत्तीही बसत नाही. 'नवीन व्हॉल्व्ह प्लेट' असं बिलात लिहून आहे.

आता टाकी, कारण पुलीनं धंदा बुडते पण टाकीनं माणूस जाते. सर्टिफिकेटवर लिहून आहे 'हायड्रो टेस्ट 12 किलो', म्हणजे टाकीत पाणी भरून तेवढ्या दाबाला तपासली. पाटीवर वर्किंग प्रेशरही 12 च! साहेब, हायड्रो वर्किंग प्रेशरच्या सव्वा ते दीडपट करतात, 12 ची टाकी असेल तर 15 ते 18 पर्यंत न्यावी लागते, हे पोरांनाही माहीत आहे. आणि 12 ला तरी केली का? हायड्रोला टाकी पाण्यानं भरली तर ते पाणी काढायला खालचा ड्रेन उघडावा लागते. त्या ड्रेनचे आटे इतके जाम होते की पाना दोनदा सटकला अन् माझं बोट सोललं. शेवटी पाइप घालून उघडला तर काळ्या चहासारखं पाणी, त्यात गंजाचे पापुद्रे, नखाएवढे. वरून मात्र नवा निळा रंग, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा. अशा टाकीजवळ माझा पोऱ्या टायर भरत बसते. या कागदाचे 2,500 घेतले तुम्ही.

आता आजच्या फोनचं, ज्याच्यासाठी खरं हे पत्र आहे. 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' म्हणे. विचारते, सर प्रेशर कशावर पाहिलं? म्हटलं काट्यावर. कोणत्या काट्यावर? तुमच्याच मशीनवर बसवलेल्या. मंग म्हणते सर तो काटा चुकीचा असू शकतो. म्हटलं सर्टिफिकेटवर 'काटा कॅलिब्रेटेड' लिहून आहे, तो कोणता काटा मंग, भिंतीवरच्या घड्याळाचा? तर गाणं लावून दिलं. सहा मिनिटं. परत आला तर, "सर, गावाकडे व्होल्टेज कमी असतं ना, त्याचा प्रॉब्लेम आहे." म्हटलं मीटर लावून पाहिलं आहे, तिन्ही फेजवर 410 च्या वर, वहीत लिहून ठेवलं. थोडा वेळ चूप. अन् मंग हे वाक्य, अगदी गोड आवाजात: "सर, घरात कोणी शिकलेलं असेल तर त्यांना फोन द्या, मी समजावून सांगतो."

मी आयटीआय डिझेल मेकॅनिक आहे, पण ते बोललो नाही. माझी पोरगी दहावीत आहे, तीनही वेळा स्टॉपवॉच तिनंच धरलं होतं, ती बाजूलाच उभी होती. फोन तिला दिला. तिनं वही पाहून पूर्ण हिशोब सांगितला, 160 गुणिले 7 भागिले 11, अन् पुलीचाही, न अडखळता. तिकडून काय उत्तर यावं? "बेटा, पप्पांना फोन दे." मी फोन हातात घेतला तर तो म्हणते, सर सेकंडहँडमध्ये एवढं चालायचंच. अन् कट. म्हणजे शिकलेलं माणूस मागितलं, दिलं, तर ते चालत नाही!

सेकंडहँडमध्ये काय चालते ते मला सांगू नका. घासलेलं चालते, पोचे चालते. खोटं सांगितलेलं चालत नाही. 2,500 घेऊन तर अजिबात नाही.

मागच्या आठवड्यात तुमच्याच ऑफिसातून एकानं सांगितलं की मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणून मी 'ग्राहक' होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 2(7) त्याला वाचायला लावा, पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारा स्वयंरोजगारवाला त्यात बसते. 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावून झाला आहे. वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग माझ्या राहत्या जिल्ह्यात आहे अन् 5 लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही. पुलीचे, ड्रेनचे, पापुद्र्यांचे फोटो, तीनही टाइमिंगचे व्हिडिओ, सगळं ठेवलं आहे. पापुद्रे तर पार्ले-जीच्या पुड्यात जपून ठेवले.

मला दुरुस्ती नको, बदलूनही नको, तुमच्या दुसऱ्या मशीनचा ड्रेन उघडायची माझी हिंमत नाही. 36,000, सर्टिफिकेटचे 2,500 अन् जाण्यायेण्याचं भाडं, पंधरा दिवसांत खात्यावर. गाडी पाठवाल तेव्हा दोन माणसं पाठवा, मशीन जड आहे. अन् पोरीशी जो बोलला त्याचा एक फोन यायला पाहिजे, मला नाही, तिला. सहानंतर ती घरी असते.

पुलगाव-आर्वी रोडवरचा तुमचा कस्टमर
(सोबत : बिल, सर्टिफिकेट, फोटो)