झिंदरहून आईस: अंग गार, रक्तात हिवताप

झिंदर, नायजर
14 सप्टेंबर 2025

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पोळा झाला, धान बरं आहे, बाबांचा गुडघा अजून दुखतोच, हे दादाने फोनवर सांगितलं. फोन सारखा तुटतो म्हणून मी दोन शब्दांत आटपते. आज रात्रपाळीनंतर सुटी आहे, तेव्हा नीट लिहिते. तुलाच लिहायचं होतं, कारण तू इतकी वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केलीस, हे तुझ्या कामाचं आहे.

इथलं मुख्य पीक बाजरी. कणगीतली जुनी बाजरी जुलै-ऑगस्टमध्ये तळाला जाते आणि नवी यायला सप्टेंबर उलटतो. पावसाला हौसा भाषेत ‘दामिना’ म्हणतात, आणि तो नेमका याच रिकाम्या महिन्यांत पडतो. डबकी भरतात, डास वाढतात. घरात दाणा नसतो तेव्हाच हिवताप दारात येतो. आमच्या वॉर्डात सध्या एका खाटेवर दोन-दोन पोरं आहेत.

गेल्या मंगळवारी एक आजी नातवाला पाठीशी बांधून आली. पोरगा दीड वर्षाचा, वजन 6 किलो, दंडाचा घेर 10.8 सेंटीमीटर. तुझ्या दंड मोजायच्या पट्टीवर 11.5 च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण असतं ना, इथेही तेच. ताप येतो का म्हणून विचारलं तर म्हणाली, नाही, नुसता खात नाही. काखेत थर्मामीटर लावला तर पारा 35 अंश सेल्सियसच्याही खाली. पोर गार पडलेलं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिवतापाच्या किटवर टाकला आणि दोन रेघा उमटल्या. फाल्सिपॅरम, हिवतापाचा सगळ्यात घातक जंतू.

आई, मला हे इथे येईपर्यंत नीट माहीत नव्हतं. ताप आणायलाही अंगात ताकद लागते. तीव्र कुपोषित पोराचं शरीर इतकं दमलेलं असतं की आत जंतू असले तरी ते तापत नाही. म्हणून इथे नियम आहे: ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित म्हणून दाखल होणाऱ्या प्रत्येक पोराचं रक्त हिवतापासाठी तपासायचं, ताप असो वा नसो. त्या पोराची साखर उतरली होती, हिमोग्लोबिन 4 च्या खाली होतं. आधी साखरपाणी, आईच्या छातीशी धरतात तसं आजीच्या उघड्या छातीशी धरून ऊब, मग हिवतापावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन आणि अगदी हळू रक्त. सलाईन सरसकट लावत नाहीत, कारण अशा पोराच्या हृदयाला जास्तीचं पाणी झेपत नाही. दूधसुद्धा पातळ, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. काल त्याने शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट स्वतः चोखलं. 92 ग्रॅमच्या त्या पाकिटात 500 कॅलरी असतात.

त्याच्या शेजारच्या खाटेवरची मुलगी गेली. दोन वर्षांची होती. फार उशिरा आणली होती.

तेव्हापासून मला आपल्या वस्तीवरचं ते पोर सारखं आठवतंय. मी सातवीत होते. पोळ्यानंतर दर महिन्याला त्याचं वजन उतरत होतं आणि तू रजिस्टरमध्ये लिहीत होतीस. ते गेल्यावर बैठकीत तुला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, पोषण आहार कुठे गेला? तू घरी येऊन चुलीपुढे बसून राहिलीस, जेवली नाहीस. त्या पोराला काय झालं होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण त्याचं रक्त कोणीच तपासलं नव्हतं, एवढं मला आठवतं. वजनाचं रजिस्टर तुझ्याकडे, हिवतापाची काचपट्टी दुसऱ्याकडे. आणि आपला गडचिरोली जिल्हा तर राज्यातल्या सगळ्यात जास्त हिवतापाच्या जिल्ह्यांपैकी एक. दोन कागद एकमेकांना भेटलेच नाहीत. यात तुझी चूक नव्हती, आई. हे मला तुला तेव्हा सांगता आलं नाही.

हिवताप पोराला दोन बाजूंनी खातो. तापात अंगातलं साठवलेलं जळतं, भूक मरते, उलट्या होतात. वर तो जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एक ताप उतरून पोर सावरेपर्यंत दुसरा येतो. गरोदरपणी आईला हिवताप झाला तर जंतू वारेत साठतात आणि बाळ कमी वजनाचंच जन्मतं. उपाशी पोराला हिवताप जास्त वेळा होतो का, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. पण झाला तर ते दगावण्याची भीती जास्त, यावर आहे. 2004 च्या एका अभ्यासाने हिवतापाने जाणाऱ्या लहान मुलांपैकी निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे कमी वजन आहे असा हिशोब मांडला होता. 2023 साली जगात हिवतापाने 5 लाख 97 हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चारांतली तीन पाच वर्षांखालची मुलं.

तू विचारशील, रक्त कमी आहे तर लोहाचं औषध का नाही? मीही विचारलं. झांझिबारच्या पेम्बा बेटावर लहान मुलांना रोज लोह आणि फोलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं होतं. लोह घेणाऱ्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू जास्त दिसले, तेव्हा ते मध्येच थांबवावं लागलं. 2006 मध्ये ते छापून आलं. म्हणून हिवतापाच्या भागात लोह द्यायचं ते हिवतापाच्या बंदोबस्तासोबतच, आणि सॅम पोराला अगदी सुरुवातीला नाहीच.

इथे एक चांगलं आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आरोग्यसेवक घरोघर जाऊन 3 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना हिवताप टाळण्याच्या गोळ्या देतात. पहिला डोस समोर, पुढचे दोन दिवस आई देते. याच झिंदर भागात आयांना दंडाची पट्टी देऊन स्वतः मोजायला शिकवून पाहिलं आणि ते त्यांना नीट जमलं. आपल्या बायकांनाही जमेल. आणि हिवतापाची आर-21 ही लस पुण्यात बनते, ठाऊक आहे का? आयव्हरी कोस्टमध्ये ती गेल्या वर्षी जुलैत सुरू झाली. मी पुण्याची नाही, तरी इथल्या सिस्टरांना ते सांगताना ऊर भरून आला.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव. आता अंगणवाडीचा वजनकाटा तिच्या हाती आहे. ज्या पोराचं वजन पावसाळ्यात उतरलं किंवा दंड लाल-पिवळ्यात आला, त्याला ताप नसला तरी आशाताईला बोलावून त्याच दिवशी किट करायला लाव. सुस्त, गार पडलेलं पोर असेल तर आधी थोडं साखरपाणी, अंगाशी घट्ट धरायचं आणि सरळ दवाखाना. गिळत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

आजी रोज सकाळी मला ‘सान्नू’ म्हणते आणि पोराचा दंड मोजून दाखव म्हणते. आज 10.9 भरला. तुझ्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं उरली असतील तर जपून ठेव, डिसेंबरात आले की मी घेऊन जाईन.

तुझी,
ताई