वजन उतरू द्यायचं नाही

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर म्हणालीस, बाबा उतरलेत, पण उठवायला-बसवायला बरं पडतं. ते ऐकून राहवलं नाही. बाबांच्या मोटर न्यूरॉनच्या आजारात (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात तो) वजन घटणं वाईटच. ज्यांचं वजन टिकतं, ते सहसा जास्त काळ तग धरतात. स्नायू झिजतात ते वेगळंच, पण कित्येकांचं शरीर नुसतं बसूनसुद्धा पूर्वीपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं. त्यात चावून जबडा दमतो आणि ताट अर्ध्यावर सुटतं.

कोलेस्टेरॉलच्या धाकाने तू नारळ हात आखडून घालायचीस. आता डॉक्टरांना एकदा विचार आणि हात सैल सोड. तूप, काजूची पेस्ट, साईचं दही, सगळं चालू दे. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा.

पेज मात्र जपून. वर पातळ निवळ, खाली उकड्या तांदळाची शितं. निवळ आधीच घशात उतरते, शितं तोंडात घोळत राहतात. ठसका तिथेच लागतो. ती मिक्सरमधून काढ, वर नारळाचा घट्ट रस घाल. नाचणीचं तिजाण आयतंच गुळगुळीत, गूळ सढळ घाल. बांगडा काट्यांपायी बंद, इसवण हुमणाच्या रश्शात कुस्करून दे. पाणी आणि चहा सगळ्यांत अवघड, कारण पातळ पदार्थ पटकन श्वासनलिकेत शिरतो. दाट करायची पावडर मिळते. किती दाट, ते स्पीच थेरपिस्ट गिळणं तपासून सांगतील. आणि आजाराचा वेग कमी करणारी रिलुझोलची गोळी जेवणाबरोबर नको. जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी.

बाबा, आता तुमच्याशी. जेवताना आरामखुर्ची नको, ताठ बसा. हनुवटी थोडी खाली घेऊन गिळा, असं पुष्कळांना सोपं जातं. तुम्हाला चालेल का ते थेरपिस्टना विचारा. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तोंडात घास असताना पंचायतीचं राजकारण बंद (हे तुम्हाला सगळ्यांत जड जाणार, ठाऊक आहे). सोमवारचा उपवासही आता सोडा. आई मंगेशीला जाऊन गाऱ्हाणं घालील.

थेट पोटात अन्न द्यायच्या नळीचं तुम्ही "बघू पुढे" म्हणता. पुढे गेल्यावर ती बसवणंच जोखमीचं होतं. श्वासाची क्षमता ५० टक्क्यांखाली जाण्याआधी बसवावी, असं डॉक्टर सहसा सांगतात. नळी बसली म्हणजे तोंड बंद झालं असं नाही. गिळणं जमतंय तोवर हुमण जिभेवर येईलच, फक्त पोट भरायचा भार त्याच्यावर राहणार नाही. बांबोळीच्या हॉस्पिटलातल्या पुढच्या तारखेला तुम्हीच विषय काढा. मी येतेय बरोबर.

आई, दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर वजन करून मला आकडा कळव. किलोभर उतरलं तरी लपवू नकोस.

तुमची,
सुमी