कॅप्टन काका, आता आतून कडी लावता येते

आदरणीय कॅप्टन काका,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून या पत्रात ते कुठेही नाही. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि ह्यांना चहा टाकायला सांगता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही रागावलात तरी चालेल, कारण पुण्यात अशी कितीतरी घरं असतील जिथे घरातलं एखादं माणूस चाकांच्या खुर्चीवर आलं, पलंग हॉलमध्ये हलवला आणि तिथेच सगळं थांबलं. त्या घरांना कळायला हवं की पलंग हलवण्याच्या पुढेही पुष्कळ काही करता येतं.

ह्यांच्या अपघाताबद्दल फार लिहीत नाही. मणक्याला मार बसला, पाय गेले, जीव वाचला. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. आम्ही घरी आलो तेव्हा जो तो म्हणत होता, 'बरं झालं, तळमजला आहे.' पण कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीतला तळमजला! जोतं दीड फूट उंच, दाराशी तीन पायऱ्या. बाथरूमच्या चौकटीतून मोकळी जागा जेमतेम दोन फूट, आणि खुर्ची सव्वीस इंच रुंद. त्यामुळे हे हॉलमध्ये आणि बाकीचं घर पलीकडे. अंघोळ म्हणजे पलंगावर ओल्या फडक्याने अंग पुसणं, आणि बाकीचे विधी पडद्याआड. बावीस वर्षं नोकरीत चाळीस माणसांवर देखरेख करणारा माणूस मुलगी शाळेतून यायच्या वेळेला भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

फिजिओथेरपिस्टताईंनी तुमचा नंबर दिला. निवृत्त लष्करी अधिकारी आणि आर्किटेक्ट, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही आलात, चपला काढताना दाराच्या चौकटीला हात टेकलात, तेव्हा तुमचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे हे दिसलं. घरी येणारे सगळे मला विचारायचे, 'कसे आहेत हे?' तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. स्टूल ओढून पलंगाशी बसलात आणि ह्यांना विचारलंत, 'या घरात तुला स्वतःचं स्वतः काय करायचंय? एकच गोष्ट सांग.'

मला वाटलं होतं, हे म्हणतील की बाहेर पडायचंय. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'बाथरूमचं दार आतून लावायचंय.'

तुम्ही वहीत ते लिहून घेतलंत. पहिल्या पानावर, तारीख घालून. ते वाक्य वाचल्याशिवाय आमच्या घराच्या कामातलं एकही मोजमाप कळायचं नाही, असं मला आज वाटतं.

मग तुम्ही माझ्याकडे फक्की मागितलीत. घरात कुठली फक्की! मी रांगोळीचा डबा दिला. हॉलमधलं सामान भिंतीला लावून तुम्ही फरशीवर नवं बाथरूम जसंच्या तसं आखलंत. इथे दार, इथे कमोड, इथे नळ, इथे बसून अंघोळ करायचा कट्टा. ह्यांना खुर्चीत बसवून त्या रेघांच्या आत जायला सांगितलंत. खुर्ची वळताना मागचं चाक रेघेवर गेलं, रांगोळी फिसकटली. तुम्ही ती पुसून भिंत चार इंच सरकवलीत. पुन्हा वळवा. पुन्हा पुसली. खुर्चीला जागच्या जागी पूर्ण फिरायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं हे पुस्तकात असतंच, पण ह्यांचा उजवा खांदा अजून दुखरा होता, म्हणून ते एका बाजूने जास्त जागा घेत होते. सासूबाई आतून बघत होत्या. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हे घामाघूम झाले आणि कुणावर तरी ओरडले, 'अहो, नळ तिथे नको, हात पोचत नाही!' मला ते ओरडणं इतकं गोड वाटलं की मी आत जाऊन रडले.

बाथरूमचं सांगते, कारण हे ज्यांना करायचं आहे त्यांना उपयोगी पडेल. दार तीन फुटांचं केलंत आणि ते बाहेर उघडणारं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं, हे मला कधी सुचलं नसतं. कडी आतून लागते, पण अडचण आली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडते. कमोड खुर्चीच्या बैठकीच्या उंचीला आणलात, म्हणजे अंग उचलायचं नाही, फक्त सरकवायचं. धरायच्या दांड्या लावताना गवंडी टाइलवर स्क्रू मारायला निघाला होता. तुम्ही भिंतीवर बोट वाजवून म्हणालात, 'ही साडेचार इंची आहे. यावर सत्तर किलोचा माणूस लोंबकळणार आहे, टॉवेल नाही.' मग भिंतीतून आरपार बोल्ट गेले आणि पलीकडून लोखंडी पट्टी बसली. दांडी बसल्यावर पहिलं कोण लटकलं असेल तर तुम्ही, वयाच्या सत्तरीनंतर.

उंबऱ्याची गोष्ट वेगळीच. खुर्चीला अर्धा इंचही नको, म्हणून संगमरवरी उंबरा काढायचा होता. सासूबाई अडल्या. लग्न होऊन आल्यापासून रोज त्याला हळदकुंकू वाहतात त्या. तुम्ही त्यांची समजूत घालायच्या भानगडीत पडला नाहीत. उंबरा काढलात आणि त्याच जागी फरशीच्या पातळीला सागवानी पट्टी बसवलीत, दोन्ही टोकांना पितळी फुलं. सासूबाई आता तिथेच कुंकू लावतात आणि चाकं त्यावरून सुरळीत जातात.

बाहेरचा उतार हे खरं मोठं काम होतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट, आणि मध्ये वळणावर पाच फुटांची सपाट जागा. ठिकठिकाणी दुकानांपुढे रॅम्प म्हणून जे सिमेंट ओतलेलं असतं ते दुचाकी वर चढवायच्या सोयीचं असतं, त्यावरून खुर्ची ढकलून बघा म्हणजे कळेल. अठरा फूट म्हटल्यावर सोसायटीत कुरबुर झाली. पार्किंग जाईल, पावसाचं पाणी आत येईल, उद्या प्रत्येक जण मागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे आणि तो आमच्या बाजूने आहे, हे तुम्ही आम्हाला घरी सांगितलं होतंत. सभेत मात्र तुम्ही कायद्याचं नाव काढलं नाहीत. कुंपणाच्या भिंतीलगतच्या, पाण्याच्या मीटरजवळच्या पडीक पट्टीतून उतार नेलेला नकाशा पुढे ठेवलात. एकही गाडी हलणार नव्हती. पाण्याची तक्रार करणाऱ्या काकांना तुम्ही विचारलंत, 'पाणी नक्की कुठून येतं, दाखवता का?' आणि त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये जाऊन बघितलंत. ते खरं बोलत होते. उताराच्या कडेला पन्हळ काढलीत, त्यांची जुनी तक्रारही मिटली. आज गॅसचे सिलिंडर तिथून येतात, बाळाची गाडी येते, पहिल्या मजल्यावरच्या आजी पायऱ्या सोडून तिथूनच जातात. यंदा सोसायटीचा गणपतीही तिथूनच वर आला आणि पुढे हे होते.

तुमचं आयुष्य तुम्ही कधी सलग सांगितलं नाहीत. तुकड्यातुकड्यांनी जे ऐकलं ते असं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे, नारायण पेठेतल्या वाड्यात. वाडा गेला. धरणावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून पाणी काही तास थोपवलं, म्हणून लोंढा रात्री न येता दिवसाउजेडी आला आणि पळता आलं, हे तुमच्या वडिलांनी इतक्यांदा सांगितलं की तुम्ही सैन्यात इंजिनिअर व्हायचं ठरवलंत. दापोडीचं सी.एम.ई., म्हणजे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करी इंजिनिअरांची तुकडी. परमवीर राम राघोबा राणे, ज्यांनी 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली, ते याच सॅपर्सचे, हे सांगताना मात्र तुमचा आवाज बदलतो.

1971 ला तुम्ही शकरगडच्या आघाडीवर होता. युद्धबंदी 17 डिसेंबरला झाली, पण पेरलेले सुरुंग जमिनीतच होते. ते काढायचं काम पुढे चालू राहिलं आणि त्यातच तुमचा पाय गेला. पोटावर पडून सळईने तिरकं टोचत जमीन तपासायची, साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की एवढ्या रुंदीत पाय ठेवायचा. एवढं सांगून तुम्ही थांबलात. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय मिळाला, सैन्यातून निवृत्ती आली, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून तुम्ही आर्किटेक्चर शिकलात.

आणि तो खडकीचा दिवस. पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये तुम्ही ह्यांना घेऊन गेलात. कमरेखाली संवेदना नसलेले जवान तिथे खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात, ज्यांचे हातही चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. तिथे कुणीही ह्यांच्याशी हळू आवाजात बोललं नाही. दर थोड्या वेळाने हातांवर भार देऊन बूड कसं उचलायचं, म्हणजे जखमा होत नाहीत, हे एका हवालदाराने ह्यांना दरडावून शिकवलं. मुरलीकांत पेटकरांबद्दल तुम्ही तिथेच सांगितलंत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाने 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं, भारताचं पहिलं. ह्यांना पोहता येत नाही. पण त्या रात्री हे पहिल्यांदा पुढच्या वर्षाबद्दल बोलले.

परतताना मुद्दाम वाट वाकडी करून तुम्ही लष्कर भागातल्या लाल देवळापाशी गाडी थांबवलीत. हे लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, आणि ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारत, दोन्हींचे आराखडे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने 1860 च्या दशकात केले, असं सांगितलंत. सैनिक आणि वास्तुरचनाकार एकाच माणसात असणं पुण्याला नवं नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. तुम्ही मात्र लगेच त्या मनोऱ्याच्या विटांच्या जोडणीकडे वळलात.

तुम्ही फी घेतली नाहीत. गवंड्याची आणि सुताराची मजुरी मात्र दर शनिवारी तुमच्यासमोर चुकती करायला लावलीत. आणि अट घातलीत की नकाशाची प्रत जो मागेल त्याला द्यायची. आजपर्यंत कोथरूड, धनकवडी, चिंचवडला प्रती गेल्या आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हवी असेल तर जरूर मागा. फक्त तुमच्या घरात बसेल असं समजू नका, आधी रांगोळीने आखून बघा.

काका, हडपसरच्या त्या मुलाच्या घराची मापं घ्यायला रविवारी जायचंय ना? हे म्हणतात, टेपचं दुसरं टोक मी धरतो आणि बाथरूमचे प्रश्न मीच विचारतो. सकाळी आठला हे खाली तयार असतील. थालीपिठं बरोबर देते, तिघांना पुरतील एवढी. तुम्ही नाश्ता करून येऊ नका.

आपली कृतज्ञ,
तळमजल्यावरची आम्ही सगळी: सासूबाई, हे, लेक आणि मी