यंत्रे जपणारी माणसेही हवीत

महोदय,

दहावीनंतरच्या प्रवेशांची धामधूम सुरू झाली, की सगळे कॉम्प्युटरकडे धावतात. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका म्हटले, की ‘म्हणजे नेमके काय?’ असा प्रश्न येतो. मी याच शाखेच्या शेवटच्या वर्षात आहे. मोटर, पंप, सर्किट आणि सोबत माणसाचे हृदय कसे चालते, हे सारे आम्हाला शिकावे लागते. हृदयाशी थेट जोडायच्या उपकरणातून रुग्णाकडे गळणारा विद्युतप्रवाह सर्वसाधारण स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत हवा. हाताला जाणवणारही नाही इतका तो सूक्ष्म, म्हणूनच तो मीटरने तपासावा लागतो.

प्रशिक्षणासाठी एका ग्रामीण रुग्णालयात गेले, तेव्हा नवजात बाळांचा वॉर्मर चादर टाकून कोपऱ्यात उभा होता. बाळाचे तापमान मोजण्यासाठी पोटावर चिकटवायच्या प्रोबची वायर तुटली होती, बस्स. नवा प्रोब लावला आणि वॉर्मर सुरू झाला. सिस्टरांनी गादीवर तळहात ठेवून ऊब पाहिली आणि काही न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बाळे दगावली. ते आठवले, की अजूनही पोटात गोळा येतो. यंत्रे खरेदी होतात, उद्घाटने होतात. पण ती नियमित तपासणार कोण? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या शाखेच्या पदविकाधारकाचे एक कायम पद शासनाने निर्माण करावे आणि तंत्रनिकेतनांना सरावासाठी चालू यंत्रे द्यावीत. पुस्तकातल्या आकृतीवरून व्हेंटिलेटर उघडता येत नाही.

– एक विद्यार्थिनी, सातारा