ऑर्डर देताना पैशांची तारीखही द्या : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय खरेदी आणि मराठवाड्यातील लघुउद्योगांची थकीत बिले

स. न. वि. वि.

मी वाळूज औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट चालवते. शाळांचे डेस्क-बेंच, लोखंडी कपाटं, वसतिगृहांचे पलंग, दवाखान्यातली सलाइन स्टँडं असं आमचं काम. निम्मं मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क आणि निम्मं सरकारी. यातलं सरकारी काम बंद करावं का, असा विचार गेले काही महिने घरात आणि शेडवर चालू आहे. आजूबाजूच्या दोघातिघांनी ते केव्हाच बंद केलं. त्यांना ऑर्डर मिळत नव्हती असं नाही. मिळालेल्या ऑर्डरचे पैसे कधी येतील, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हतं.

लघुउद्योगांचा विषय निघाला की मंत्रालयापासून मेळाव्यापर्यंत सगळीकडे ऑर्डर मिळवून देण्याचीच चर्चा होते. केंद्राने २०१२ मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी खरेदी धोरण आणलं. केंद्राची मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरावीक वाटा आमच्यासारख्यांकडून घ्यायचा. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी. ३५८ वस्तू फक्त छोट्या उद्योगांकडून घेण्यासाठी राखीव आहेत. सगळ्यांत कमी दर मोठ्या कंपनीचा असला आणि आमचा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर त्या दराला उतरून काही माल देण्याची संधी आम्हाला मिळते. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ आहे. २०१६ मध्ये सरकारी खरेदीचं केंद्राचं ऑनलाइन जेम पोर्टल आलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला आपल्या उद्योग विभागाने राज्याच्या कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका काढली. हे सगळं चांगलं आहे आणि त्याचा मला फायदाही झाला आहे. जेम नसतं तर हिंगोलीच्या किंवा धाराशिवच्या कार्यालयाला माझं नावही कळलं नसतं.

पण ही सगळी मदत ऑर्डर हातात पडेपर्यंतची आहे. माल पोचल्यावर काय होतं, ते मी सांगते.

फेब्रुवारी संपत आला की कार्यालयांतून फोन सुरू होतात. अकरा महिने पडून असलेल्या मागणीची एकदम घाई होते. ३१ मार्चच्या आत माल उतरला पाहिजे, नाहीतर अनुदान परत जाईल. आम्ही रात्रपाळी लावतो, पावडर कोटिंगवाल्याच्या हातापाया पडतो, आहे त्या भावाने पत्रा आणि पाइप उचलतो. टेम्पो भरून माल जातो. तिथे चलनावर ‘माल मिळाला’ असा शिक्का बसतो. पुष्कळदा त्या शिक्क्याखाली सही असते आणि तारीख नसते. तारखेचं विचारलं की उत्तर येतं, ‘तपासणी समिती बसायचीय, मग टाकू.’ समिती कधी बसते? साहेब दौऱ्यावर असतात, समितीतल्या एकाची बदली झालेली असते, निवडणुकीची ड्युटी लागलेली असते. एप्रिल उजाडतो आणि कळतं की बीडीएसवर, म्हणजे कार्यालयांना निधी वाटणाऱ्या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवर, रक्कम आलीच नव्हती, किंवा आली होती पण ट्रेझरीत हरकत निघाली. मग पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांकडे बोट दाखवलं जातं. तिथे नाही झालं तर नागपूरच्या.

तोवर बेंचवर मुलं बसायलाही लागलेली असतात.

एका कार्यालयात मी बिलाची चौकशी करायला गेले तेव्हा तिथल्या लेखापालाने मला खरं ते सांगितलं. ‘ताई, मी बिल तयार करून ठेवलंय, पण माझ्याकडे पैसे नाहीत आणि केव्हा येतील ते मलाही माहीत नाही.’ मला त्या माणसाचा राग आला नाही. निधी हातात नसताना पुरवठा आदेश काढायची मुभा ज्या व्यवस्थेने दिली, तिचा येतो.

कायदा मात्र याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत करारातसुद्धा ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. माल पोचल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. याहून कडक काय लिहायचं राहिलं आहे? आणि हे ४५ दिवस जिथून मोजायचे तो दिवसच कागदावर येऊ न देणं, हे कार्यालयांना किती सोपं आहे ते वर सांगितलंच.

आता बँकेचं ऐका. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं खातं, ९० दिवस नियमात राहिलं नाही की ते थकीत कर्जात जातं. बँकेला माझं बिल कुठल्या टेबलावर आहे याच्याशी देणंघेणं नाही, आणि तिचं बरोबरच आहे. जीएसटीचंही तसंच. बिल काढलं की पुढच्या महिन्यात कर भरावा लागतो, पैसे आले असोत वा नसोत. समजा १० लाखांचा माल दिला. त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार जीएसटी. स्पर्धेतून मिळालेल्या कामात ८ टक्के सुटले तरी नशीब, म्हणजे ८० हजार. कच्चा माल, मजुरी आणि कर मिळून माझे ११ लाख अडकले. बँकेचं व्याज ११ टक्के धरा. दहा महिने पैसे आले नाहीत तर व्याजच लाखभर होतं. नफा गेला आणि वर २० हजार पदरचे गेले. कामगारांचे पगार तर १० तारखेच्या आत करायचेच असतात, कारण लातूर-बीडकडून आलेली ही पोरं भाड्याच्या खोलीत राहतात आणि खोलीमालक थांबत नाही.

म्हणून अनुभवी लोक काय करतात, तर सरकारी निविदेत दर वाढवून भरतात. पैसे उशिरा येणार हे धरूनच भरतात. उशिराची किंमत अशी शेवटी सरकारच मोजतं आणि जनतेच्या पैशातून मोजतं. जो खरा दर भरतो, तो बुडतो.

खासगी खरेदीदारांचं उदाहरण देते. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. हे कळल्याबरोबर वाळूजमधल्या ज्या हिशेब विभागांना आमचे फोन उचलायला वेळ नसायचा, त्यांचेच आम्हाला फोन येऊ लागले. लघुउद्योग म्हणून नोंदणी असल्याचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा म्हणून. काहींनी आम्हाला टाळून दुसरीकडे खरेदी नेली हेही खरं, पण बाकीच्यांचे पैसे वेळेवर यायला लागले. उशिराचा चटका खरेदीदाराला बसायला लागल्यावर शिस्त आली. सरकारी कार्यालय आयकर भरत नाही, त्यामुळे त्याला हा चटका बसत नाही.

थकलेल्या बिलांची दाद मागायला २००६ च्याच कायद्याखालची सुविधा परिषद आहे. कायद्याने ९० दिवसांत निकाल द्यावा असं म्हटलं आहे. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण तिथे जातं कोण? ज्या कार्यालयाविरुद्ध अर्ज करायचा, त्याच कार्यालयाची पुढची निविदा भरायची असते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? त्यात परिषदेचा निकाल हातात आला तरी वसुलीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी असतेच. छोट्या माणसाने तक्रार केली तरच व्याज, अशी रचना आहे तोवर ते चक्रवाढ व्याज कागदावरच राहणार.

ही एकट्या माझी रड नाही. रस्ते, इमारती, पाणी योजना करणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटना २०२५ मध्ये आंदोलनाला उतरल्या, तेव्हा राज्यभरातल्या थकबाकीचा त्यांनी सांगितलेला आकडा ८९ हजार कोटींच्या घरातला होता. सरकारला तो आकडा मान्य नसेल तर खरा आकडा जाहीर करावा. जिल्हावार, खातेवार. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत कुठल्या कार्यालयाकडे लघुउद्योगांचे किती पैसे किती दिवसांपासून अडकले आहेत, हे आज कोणालाही एका जागी पाहता येत नाही. कंपन्यांना अशी थकबाकी दर सहा महिन्यांनी केंद्राकडे कळवावी लागते. सरकारने स्वतःला ही सूट का घ्यावी?

दुसरा मुद्दा निविदांच्या आकाराचा. जिल्ह्याजिल्ह्याची मागणी गोळा करून मुंबईत एकच मोठी निविदा काढली की दर पडतो, असं मानलं जातं. मग तीन वर्षांच्या उलाढालीची आणि तशाच पुरवठ्याच्या अनुभवाची अट एवढी मोठी होते की परभणीचा किंवा जालन्याचा कारखानदार पहिल्याच पानावर बाद. काम बाहेरच्या पुरवठादाराला जातं, तो इकडे येतो आणि आमच्याकडूनच पडेल दराने ते करून घेतो. शाळेच्या गणवेशाचं आपल्यासमोर आहे. २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवरून आणि शिलाई बचत गटांकडून, असं ठरलं. बचत गटांना काम मिळावं ही इच्छा चांगलीच होती. पण कापड वेळेत पोचेना, मापं चुकली, मुलं जुन्याच कपड्यांत शाळेत गेली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारला गणवेशाची खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावी लागली. त्या समितीच्या गावात शिंपी आहे, बचत गट आहे, आणि गणवेश उसवला तर कोणाच्या दारात जायचं हे आईबापांना माहीत आहे. बेंचचंही वेगळं नाही. वेल्डिंग तुटलं तर मी टेम्पोत मशीन टाकून दुसऱ्या दिवशी पैठणला पोचू शकते.

आणि मराठवाड्याला मोठे आकडे पुष्कळ ऐकायला मिळतात. १६ सप्टेंबर २०२३ ला मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरात झाली, ४५ हजार कोटींहून मोठं पॅकेज आणि सिंचनाचे १४ हजार कोटी वेगळे, असं जाहीर झालं. बिडकीनला टोयोटा किर्लोस्करचा २० हजार कोटींचा करार झाला. त्याचा आम्हाला आनंदच आहे, मोठा कारखाना आला की शंभर छोटे जगतात. बजाज १९८५ मध्ये वाळूजला आली म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीतले टर्नर-फिटर मालक झाले. पण त्या मालकांची मुलं आज सरकारी बिलाच्या मागे ट्रेझरीच्या बाकावर बसलेली असतात, हेही आपल्या विभागाने पाहावं.

मला अनुदान नको आहे आणि जादा दरही नको. पुरवठा आदेशावरच निधी उपलब्ध असल्याचा बीडीएसचा तपशील छापा आणि तो नसेल तर आदेश काढूच देऊ नका. माल उतरेल त्याच दिवशी पोच नोंदवली जावी, तीही पोर्टलवर, शिक्का मारणाऱ्याच्या मर्जीवर नको. पंधराव्या दिवशी हरकत नसेल तर स्वीकृती आपोआप पडावी. जेमवर माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघाल्यावर १० दिवसांत पैसे देण्याचा नियम आहेच, तो राज्याच्या ट्रेझरीला आणि जिल्हा परिषदांना बांधून टाका. ४५ दिवस उलटले की व्याज बिलात आपोआप चढावं, त्यासाठी मला कोणाविरुद्ध अर्ज करावा लागू नये. ते व्याज कुठल्या कार्यालयामुळे भरावं लागलं, याची यादी दर तीन महिन्यांनी विधिमंडळापुढे ठेवा.

आणखी एक. केंद्राने २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आणि सगळ्या केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांना ट्रेड्स या व्यासपीठावर यायला लावलं. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका ते विकत घेतात आणि पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात. राज्याची महामंडळं आणि मोठ्या महापालिका तिथे येऊन प्रत्यक्ष बिलं मान्य करायला लागल्या, तर आमचा निम्मा प्रश्न सुटेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. वित्त विभाग आणि आपला विभाग एका टेबलावर बसले तर पुरे.

उलाढालीच्या अटीचं काय करायचं हे आमच्या इथल्या संघटना, मसिआ असो वा सीएमआयए, आपल्याला नीट बसून सांगू शकतील. आठही जिल्ह्यांतल्या छोट्या कारखानदारांना बोलवा आणि त्या बैठकीला वित्त विभागाचा, बिलं पास करण्याचा अधिकार असलेला अधिकारी आणा. नुसता उद्योग विभाग आला तर आम्ही बोलू, आपण ऐकाल आणि बिलं तिथेच राहतील. बैठक येत्या जानेवारीच्या आत व्हावी ही विनंती, कारण फेब्रुवारीत फोन सुरू होतात आणि या वेळी ते उचलायचे की नाही, ते आम्हाला त्याआधी ठरवायचं आहे.

आपली,
वाळूज औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजिका