दोष नेहमी ‘नेट’चाच नसतो

संपादक महोदय,

पावसाळा लागला की गोव्यात कोणत्याही खिडकीवर अडलेल्या कामाचे खापर ‘नेट’वर फुटते, आणि बऱ्याचदा ते योग्यही असते. परंतु फोंडा तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या सुमारे 40,000 ग्रंथनोंदी जुन्या संगणकावरून भाड्याच्या सर्व्हरवर हलवताना जे घडले, ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा थाटाचे होते, म्हणून हे पत्र.

ब्राउझरमधून पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस (नोंदसंग्रह) हाताळण्याच्या साधनाद्वारे फाइल चढवताना काम दर वेळी ‘टाइमआउट’ होऊन तुटत असे. आम्ही इंटरनेटची जोडणी बदलली, रात्री जागून पाहिले. अखेर ग्रंथपालांनी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा काम प्रत्येक वेळी बरोबर पाच मिनिटांनीच थांबते हे ध्यानात आले. नेट काही घड्याळ पाहून जात नाही. 300 सेकंद ही त्या प्रणालीतच मुळात घातलेली मर्यादा होती.

कंत्राटदाराने ती वाढवली, तर सर्व्हर निघून गेल्याचा संदेश येऊ लागला. सर्व्हर जागच्या जागी होता. मुखपृष्ठांची स्कॅन केलेली चित्रे नोंदींतच साठवलेली, त्यात शेकडो नोंदी नोंदी भरण्याच्या एकाच ‘इन्सर्ट’ आज्ञेत गुंफलेल्या. त्यामुळे ती आज्ञा सर्व्हरवरची मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली एका वेळी स्वीकारते त्या आकाराबाहेर गेली होती. हा आकार 5.7 या आवृत्तीत मुळात 4 एमबी असतो आणि 8.0 मध्ये 64 एमबी, म्हणजे जुन्या सर्व्हरवर अडलेली फाइल नव्यावर निमूट चढू शकते, आणि दोष कशात होता हे कधीच कळत नाही. तेही निस्तरल्यावर देवघेवीच्या टेबलावर तक्रार सुरू झाली : सगळी भरती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे शेवटी एकदमच पक्क्या होणाऱ्या व्यवहारात, चालल्यामुळे आधी चढलेल्या नोंदींना कुलूप लागत असे आणि वाचकाला पुस्तक देण्याचा व्यवहार 50 सेकंद ताटकळून रद्द होत असे.

मर्यादा वाढवत राहणे हा यावरचा इलाज नव्हता. फाइल आधी सर्व्हरवर नेऊन ठेवली, ब्राउझर टाळून तेथूनच कमांडने भरली, दर 1,000 नोंदींनंतर ‘कमिट’ केले, म्हणजे तोवरच्या नोंदी पक्क्या केल्या, आणि दाखल क्रमांक अद्वितीय ठरवला, जेणेकरून मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरुवात करताना तेच पुस्तक दोनदा चढू नये. पूर्वीच्या फसलेल्या खेपांनी अशी दुबार पुस्तके बरीच निर्माण केली होती. ती दाखल नोंदवहीशी ताडून काढण्यात आमच्या दोन स्वयंसेवकांचे रविवार गेले.

संगणकीकरणाचा करार करणाऱ्या संस्थांनी त्यात दोन अटी अवश्य घालाव्यात : काम तुटल्यास त्रुटीचा मूळ संदेश व वेळ लेखी कळवावी, आणि दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळल्याखेरीज शेवटचा हप्ता मागू नये. आमच्या करारात यांपैकी एकही नव्हती आणि हप्ता आम्ही आधीच दिला होता.

— वाचनालयाचा एक कार्यकर्ता, फोंडा